कानाडोळा

काकूंचं कंपनीतलं पद होतं 'पादचारी'. गळ्यातल्या ओळखपत्रावर तसं छापलेलंच होतं. फाटकावरचा पहारेकरी रोज ते वाचायचा आणि रोज म्हणायचा, "पादचारी ना? मग चालत जा." काकूही रोज हसायच्या. सुरुवातीला तो विनोद त्यांनी कानांनी ऐकला होता. आता तो त्याच्या ओठांवरून कळायचा, आणि पहारेकऱ्याने दुसरा विनोद शिकू नये एवढीच त्यांची देवाजवळ मागणी होती.

कंपनी विजेवर चालणाऱ्या गाड्या बनवायची. तळमजल्यावरच्या लोकांनी वर्षानुवर्षं खपून गाडीचा आवाज इतका मारला, की ती मांजराच्या पावलाने मागे येऊन उभी राहायची आणि पुढच्याला पत्ताही लागायचा नाही. त्याबद्दल त्यांना चांगली मोठी ढाल मिळाली. मग ध्यानात आलं, की पत्ता न लागता मागे येणारी गाडी रस्त्याने चालणाऱ्याला परवडणारी नाही. गाडी हळू चालत असताना तिने आवाज केलाच पाहिजे, असा नियम आला. तेव्हा वरच्या मजल्यावर दुसरं खातं उघडलं, गाडीला आवाज घालणाऱ्यांचं. दोन्ही खात्यांची माणसं एकाच कँटीनमध्ये जेवायची, पण एका टेबलावर नाही.

काकू मूळच्या कंपनीच्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या. पलीकडून नुसतं "हं" आलं तरी कोण बोलतंय, आणि आज घरून भांडून आलंय का, हे त्या सांगायच्या. पुढे ज्याच्या त्याच्या कानाला स्वतःचा फोन लागला आणि एक्स्चेंजला कुलूप. काकूंचं काय करायचं हा प्रश्न आला, तेव्हा एका जुन्या साहेबांना आठवलं, की या बाईंचे कान म्हणजे सोनं. झालं, काकूंची बदली चाचणीच्या मैदानावर झाली. एरवी सोनं म्हटलं की लोक आधी कसाला लावून बघतात. कानांच्या बाबतीत ते कुणाला सुचलं नाही.

सुचलं असतं तर बरंच कळलं असतं. एक्स्चेंजमध्ये आयुष्यभर कानाला यंत्र लावून बसल्यामुळे असेल, नाहीतर वयामुळे, काकूंचे कान हळूहळू रजेवर जायला लागले होते. आधी पाखरं गेली. काकूंना वाटलं, हल्ली झाडंच कमी झालीत. मग दाराची घंटा गेली. मग कुकरची शिट्टी. बारीक, उंच आवाज एकेक करून निघून गेले. जाड आवाज तेवढे राहिले, आणि ते आहेत म्हणून काकूंना बाकीचे गेल्याचं मान्य करायचं कारण दिसेना.

घरी ते मान्य करून घ्यायला काका होते. काका शिंपी. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन होतं आणि ओठांत टाचण्या धरून बोलायची त्यांची जन्माची सवय होती.

"तुला ऐकू येत नाही," काका टाचण्यांमधून म्हणायचे.

"काय?"

काका टाचण्या काढून हातात घ्यायचे. "ऐकू येत नाही म्हटलं तुला. कान दाखव डॉक्टरला."

"तुम्ही तोंडातल्या तोंडात बोलता. त्याला डॉक्टर काय करणार?"

"मग कंपनीत कशी ऐकतेस?"

"तिथे माणसं तोंड उघडून बोलतात."

यात निम्मं खरं होतं, म्हणून काका टाचण्या परत ओठांत धरायचे. काकूंचा खरा धसका वेगळाच होता. हे काम सुटलं, तर उरलेला जन्म त्या टाचण्या धरलेल्या तोंडासमोर काढायचा. कंपनीत दिवसातून कितीदा तरी कुणीतरी आस्थेने विचारायचं, "काकू, ऐकू आलं?" घरी कुणी विचारत नव्हतं. घरी आलं नाही हे सगळ्यांना आधीच माहीत होतं.

आता प्रश्न असा, की कंपनीत त्या ऐकायच्या कशा? तर डोळ्यांनी. चाचणी साधी होती. मैदानावर पांढऱ्या रेघेवर पादचाऱ्याने उभं राहायचं, मागून गाडी हळूहळू येणार, तिचा आवाज कानावर पडला की हात वर करायचा. त्या क्षणी गाडी किती लांब होती हे यंत्रात आपोआप नोंदलं जायचं. आणि पादचाऱ्याच्या समोर, मैदानाच्या कडेला उभा असायचा बासरी.

बासरी म्हणजे आवाज तयार करणारा इंजिनिअर. काकूंच्या मुलाच्या वयाचा. त्याने गाडीसाठी बनवलेला आवाज वेळूच्या बनातून वारा जावा तसा होता म्हणे, म्हणून सगळे त्याला बासरी म्हणायचे. काकूंनी तो वारा कधी ऐकला नव्हता, पण बासरीचा चेहरा पाठ केला होता. गाडी निघाली की त्याची हनुवटी वर व्हायची. आणि आता हिला ऐकू यायलाच हवं, असं त्याला वाटलं की तो हातातल्या पेन्सिलीचं टोक चावायचा. पेन्सिल दातांत गेली की काकूंचा हात वर. निकाल नेहमी बासरीच्या अंदाजाशी तंतोतंत जुळायचा. तो मैत्रिणीला फोनवर सांगायचा, "असे कान लाखात एक." अंदाजही त्याचाच आणि उत्तरही त्याचंच, हे त्याच्या गणितात कुठे बसत नव्हतं.

काकूंना रात्री कधीमधी वाटायचं, हे बरोबर नाही. मग त्या स्वतःलाच सांगायच्या, बाकीच्या तरुण पादचाऱ्यांना ऐकू येतंय ना, मग झालं. मनाच्या बोलण्याकडेही त्यांनी थोडा कानाडोळा करायला घेतला होता.

अशात खात्याला नव्या मॅडम आल्या. त्यांनी एक चाचणी उभ्याने पाहिली आणि विचारलं, "हा आवाज मुळात कुणासाठी आहे?"

"पादचाऱ्यांसाठी," बासरी म्हणाला.

"त्यातही आधी ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. आणि यांचे तर सगळ्यांचे डोळे उघडे आहेत. उद्या पट्ट्या बांधा."

मॅडम तोंड उघडून बोलणाऱ्यांपैकी होत्या, त्यामुळे काकूंना एकूणएक शब्द समजला. आता सोन्याच्या कानांचं पितळ उघडं पडणार. पण टेलिफोनवर नोकरी केलेलं माणूस लाईन तुटली म्हणून गप्प बसत नाही, दुसरीकडून जोडतं. काकू लगेच म्हणाल्या, "पट्ट्या मी आणते. आमचे हे शिंपी आहेत."

संध्याकाळी त्या मशीनपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "अहो, डोळ्यांवर बांधायच्या पट्ट्या शिवून द्या. सगळ्यांच्या चांगल्या जाड करा. एक मात्र पातळ हवी, आरपार दिसेल अशी. तिला निळी कड लावा, म्हणजे मला ओळखू येईल."

काका काहीतरी बोलले. ओठांत टाचण्या होत्या.

"हो, तसंच करा," काकू म्हणाल्या.

काका म्हणाले होते, "पातळ कापड संपलंय. निळ्या कडेच्या पट्टीला कोटाचं उरलेलं अस्तर लावू का? ते सगळ्यांत जाड आहे." बायकोने हो म्हटल्यावर त्यांना जरा नवल वाटलं. पण गिऱ्हाईक म्हणेल ते शिवायचं हा त्यांचा धर्म, आणि बायकोइतकं जुनं गिऱ्हाईक त्यांच्याकडे दुसरं नव्हतं.

सकाळी पट्ट्या कागदात नीट गुंडाळलेल्या होत्या. नवऱ्याचं काम उघडून तपासायचं नाही, हा घरातला अलिखित नियम. काकूंनी पुडकं तसंच पिशवीत टाकलं.

मैदानावर निळ्या कडेची पट्टी त्यांनी बरोबर उचलली. बासरीने मागून गाठ मारली आणि काकूंसमोर काळोख झाला. नुसता काळोख नाही, कोट घातलेला काळोख. बासरी गेला, मॅडम गेल्या, मैदान गेलं. पट्टी थोडी वर सरकवावी तर मॅडम बघत असणार. अंदाजाने हात वर करावा तर तेही अवघड, कारण मॅडमनी आधीच सांगितलं होतं, की मधूनच गाडी न सोडताही चाचणी घेतली जाईल, कुणी ठोकून देतंय का ते कळायला.

काकूंनी तळपायांनी कानोसा घेतला. जमीन गप्प होती. वारा होता, पण तो कुठून येत होता कुणास ठाऊक. एक्स्चेंजमध्ये मुकी झालेली लाईन कानाला लावून त्या किती वेळा बसल्या असतील. तेव्हा निदान "हॅलो" तरी म्हणता यायचं. त्या तशाच उभ्या राहिल्या, हात खाली, पदर मुठीत.

कुणीतरी खांद्याला हात लावला. पट्टी सोडली तेव्हा गाडी त्यांच्या पाठीशी, पदर लागेल इतकी जवळ उभी होती आणि आतल्या ड्रायव्हरच्या कपाळावर घाम होता. मॅडम समोर आल्या. बासरीचा चेहरा उतरला होता.

काकूंना वाटलं, संपलं. आणि संपलंच आहे तर एकदाचं खरं बोलून टाकावं.

"मला ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या.

मॅडम बासरीकडे वळल्या. "ऐकलंस? त्यांना ऐकू येत नाही."

"तसं नाही मॅडम. मला खरंच ऐकू येत नाही. बरेच दिवस झाले."

"बरेच दिवस?" मॅडमच्या भुवया वर गेल्या. "म्हणजे आधीच्या चाचण्यांमध्येही?"

"हो."

"मग हात का वर करत होतात?"

"भीती वाटायची. काम जाईल म्हणून."

मॅडम बाकीच्यांकडे वळल्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बघा. इतक्या चांगल्या कानांच्या बाईंना आवाज खराब आहे हे सांगायची इथे भीती वाटते. अशी ही आपली चाचणी."

"मॅडम, पण बाकी सगळ्यांना ऐकू आला," बासरी कळवळून म्हणाला. "पट्टी बांधून. सगळ्यांनी हात वर केले."

"तुला खूश करायला केले असतील," मॅडम म्हणाल्या.

अशा रीतीने ज्यांना ऐकू आलं होतं त्यांचे निकाल खोटे ठरले आणि ज्यांना नव्हतं त्यांचा खरा. काकू आणखी काही बोलणार होत्या, पण मॅडमनी त्यांचा हात हातात घेऊन आभार मानले. खरं बोलून टाकलेल्या माणसाकडे मग दुसरं काही बोलायला उरत नाही.

बासरीचा वारा गाडीतून काढला गेला. तो फार बारीक होता, म्हणून नवा आवाज खालच्या पट्टीतला, जाड हवा, असं ठरलं. बासरीने रागारागात पिठाच्या गिरणीसारखा एक घुमणारा, ठोंब्या आवाज बनवला, म्हणजे मॅडमच नको म्हणतील. तो लावला तेव्हा तरुण पादचाऱ्यांनी नाकं मुरडली. काकू पट्टी बांधून रेघेवर उभ्या होत्या. आणि काळोखात, लांबून, कुणीतरी जड पावलांनी चालत यावं तसं काहीतरी त्यांच्याकडे येऊ लागलं. आधी त्यांचा विश्वास बसेना. मग त्यांनी हात वर केला, बाकी सगळ्यांच्या वेळेपेक्षा गाडी लांब असतानाच, आणि तो बराच वेळ खाली घ्यायला विसरल्या.

मॅडमनी तो आवाज तिथल्या तिथे मंजूर केला.

दुपारी काकू कँटीनबाहेरच्या बाकावर डबा खात होत्या. अचानक बासरी समोर येऊन उभा राहिला. तो लाल झाला होता, आणि त्याच्यामागे पहारेकरी धापा टाकत होता.

"काकू, मी मागून हाका मारत होतो."

"तू तोंडातल्या तोंडात बोलतोस."

"मी ओरडत होतो. हा फाटकावरून धावत आला, कुणाला काही झालं म्हणून."

काकूंनी पहारेकऱ्याकडे पाहिलं. तो मान हलवत परत फिरला. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि बासरीला शेजारी जागा करून दिली. तो बसला नाही, समोरच उकिडवा झाला, त्यांना ओठ दिसतील असा. म्हणजे याला सगळंच कळलंय, हे काकूंना कळलं.

"मग इतके दिवस हात कसा वर करत होतात?"

"तुझ्याकडे बघून. गाडी जवळ आली की तू पेन्सिल चावायचास."

बासरीने खिशातली पेन्सिल काढून तिच्याकडे पाहिलं. टोकाचा पार चोथा झाला होता. "म्हणजे पेपर मीच काढत होतो, मीच सोडवत होतो आणि मीच तपासत होतो."

"आणि पैकीच्या पैकी मिळवत होतास." काकूंनी त्याच्या ओठांकडे पाहिलं. "वर सांगणार आहेस?"

"काय सांगू? भर मैदानात तुम्हीच सांगितलंत, सगळ्यांसमोर. मॅडमनी ते अहवालात घातलंय." त्याने पेन्सिल परत खिशात टाकली. "मला वाईट वेगळ्याचंच वाटतंय. तुम्हाला तो आवाज आवडतो असं मी धरून चाललो होतो."

"कसा होता रे?"

त्याने ओठांचा चंबू करून तो आवाज काढला. काकू निरखून बघत राहिल्या. त्याचा श्वास संपेपर्यंत त्यांनी मान हलवली नाही.

"छान दिसतो," त्या म्हणाल्या. "पण माझ्या वयाच्या माणसाला तो गाडीखाली घेईल."

"ते कळलं आता," बासरी म्हणाला. तो उठला आणि पुन्हा बसला. "काकू, मॅडमनी नवीन काम दिलंय. तुमच्यासारखे कान असलेली आणखी माणसं शोधायची. पुढच्या सगळ्या गाड्या त्यांच्याच कानांवर तपासायच्या. आता अशी माणसं मी आणू कुठून?"

काकू विचारात पडल्या. नोकरी टिकली होती, आणि त्यावर खात्याची वाढही होऊ घातली होती.

"संध्याकाळी बागेत जा," त्या म्हणाल्या. "बाकांवर जी म्हातारी माणसं मोठमोठ्याने बोलत बसलेली असतात ना, ती बघ."

"आणि निवड कशी करू? काय विचारू त्यांना?"

"काहीही विचार. फक्त मागून विचार," काकू म्हणाल्या. "जो वळून उत्तर देईल, तो आपल्या कामाचा नाही."