टीव्हीवर पाऊस सांगणारी माझी सून

त्या दुपारी बांधावर आमी चौघी व्हतो. मी, माझी धाकटी जाव, आणि शेजारच्या दोघी बहिणी, दोघी म्हाताऱ्या. सून तिथं नव्हती, ती हाटकेशला केबलच्या हापिसात व्हती. पण झालं ते तिच्या बोलण्यावरून झालं, म्हणून तिला पण त्यात धरा. मला सहीपुरतं येतं. हे नात लिहून घेतेय.

आमचं गाव मुर्धा. मी आधी मिठागरात व्हते. खाऱ्या पाण्यात उभं राहून पाय फुटले, ते अजून तसेच हायेत. मिठागर बंद झालं, मंग जवळा, ती बारीक कोळंबी, सुकवून विकायला लागले. मुलगा आजारात गेला. घरात मी, सून आणि नात, तिघीच.

सून बारावी शिकलेली, मुंबईत वाढलेली. केबलच्या हापिसात फोन घ्यायची, कुणाचं चॅनल दिसत न्हाय ते लिहून ठेवायची. तिथं हवामान सांगणारा माणूस नोकरी सोडून गेला, तर शेठ तिला म्हणला, "मॅडम, आप ही बोल दो." तवापासून संध्याकाळच्या बातम्या झाल्या की दोन मिनिटं ती मीरा-भाईंदरचं हवामान सांगते. मला वाटायचं तिच्या मागं नकाशा असतो. नसतो. हिरवं कापड असतं नुसतं, नकाशा टीव्हीत दिसतो. ती घरी कपाटासमोर उभी राहून हात दाखवायला शिकली. नात खाटेवरून सांगायची, "मम्मी, ठाणं समुद्रात गेलं."

तिला साड्यांची हौस न्हाय. पत्र्यावर पाण्याची बाटली कापून ठेवलीय, तिला नातीची मोजपट्टी बांधलीय, किती पाऊस पडला ते बघायला. काठीला माझ्या जुन्या लुगड्याची चिंधी लावलीय, वाऱ्यासाठी. रोज चहाच्या आधी ते बघून येते आणि कॅलेंडरच्या चौकटीत लिहिते. मला आधी वाटलं दुधाचा हिशेब लिहिते. मंग म्हणलं, आमी रोज दूध घेतो कुठं. रविवारी खाडीवर जाऊन पक्षी बघत बसते. मी एकदा विचारलं, "त्यात काय मिळतं गं?"

"काही नाही मिळत, आई. बरं वाटतं."

मी परत विचारलं न्हाय.

दिवाळी होऊन गेलेली. जवळा चांगला आलेला, बांधावर चादरी टाकून पसरलेला, आणखी एक ऊन लागलं की झालं असतं. आदल्या संध्याकाळी सून टीव्हीत बोलली, उद्या दिवसभर कोरडं. सकाळी आभाळ जरा काळं दिसलं. जाव म्हणली, "बाय, गोळा करू का?" मीच बोलले, "राहू दे. सून बोललीय, कोरडं हाय." ते माझं बोलणं मला अजून आठवतं.

दुपारी पाऊस आला. चार म्हाताऱ्या किती उचलणार. चादरींवर पाणी साठलं, जवळा लाल पडला, संध्याकाळपर्यंत वास सुटला. कोंबड्यांना घालायला नेणारा पण नको म्हणला.

रात्री सून घरी आली तर जाव दारातच बसलेली. "पावडर लावून बसतेस ना टीव्हीत? ये, आमच्या बांधावर येऊन बस. वास घे." सुनेनं सगळं ऐकलं. जाव गेल्यावर मला म्हणली, "आई, मला कालच कळलं होतं. वारा दक्षिणेचा फिरला होता, मी लिहिलंय. पण मला वाचायला कागद येतो तो मुंबईचा. शेठ बोलतो, कागदातलं वाचायचं, स्वतःचं घालायचं नाही." मंग म्हणली, "मी नोकरी सोडते."

"सोड," मी म्हणलं. "उद्या आपण काय खायचं ते पण कागदावर येतं का बघ." ती हसली न्हाय. मी ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी सून पुढं गेली, आणि मागून जाव आणि त्या दोघी बहिणी रिक्षा करून हाटकेशला निघाल्या. मी पण बसले. जाव म्हणली, "तू कशाला? सुनेची बाजू घ्यायला?" मी म्हणलं, "माझा पण जवळा गेलाय. सरक जरा."

शेठनं चहा मागवला. जावेनं तिच्या हिंदीत सगळं सांगितलं. शेठ म्हणला, "ठीक है, मॅडम को हटा देते हैं. दूसरा आ जायेगा." बल्ब बदलावा तसं बोलला. जाव त्याच्यासाठीच आलेली, पण तिनं हातातला चहा खाली ठेवला. सून हिरव्या कापडाजवळ उभी, खाली बघत. घरात तिचाच पगार येतो. तवा मी बोलले, वाऱ्याचं, लिहून ठेवलेलं, सगळं. सुनेनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी तिला चार लोकांत उघडं केलं.

जावेनं तिला विचारलं, "तुला माहीत व्हतं?"

"होतं, काकी."

"मंग बोलली का न्हायस?"

सुनेनं मुंबईचा कागद तिच्यापुढं धरला. जाव शेठला म्हणली, "हटाव मत. दूसरा लायेगा तो उसको मुर्धा किधर हाय वो पण मालूम न्हाय. इसको जो दिखता हाय वो बोलने दो."

शेठनं विचार केला. "एक लाइन बोलो. लेकिन फिर ऐसे लोग आये ना, तो मैं नहीं रखूँगा."

तवापासून कागद वाचून झाला की ती एक वाक्य स्वतःचं बोलते. मुर्धा-राईला काय, उत्तनला काय. दोनदा चुकलं. जावेनं आमच्या दारात येऊन शिव्या घातल्या, पण हाटकेशला गेली न्हाय. बाकीचे जातील की न्हाय, मला काय माहीत. तिची बाटली एक, आमच्या पत्र्यावरची. इथं पडतो तवा तिकडं पूनम सागरच्या इमारतींवर ऊन असतं, ते तिला घरात बसून कसं कळणार?

म्हणून तुमाला सांगते. तुमी मीरा-भाईंदरात कुठं पण राहत असाल, तुमच्याकडं पाऊस पडला की केबलच्या हापिसात फोन करा, किती वाजता पडला ते सांगा, ती लिहून घेईल. तिनं पाऊस सांगितला आणि पडला न्हाय, तरी फोन करा.