पट्टीखालची अंगठी

विमानतळावर धावपट्टीलगत एक गोल जागा असते. तिथे विमान उभं करून त्याचं होकायंत्र तपासतात. त्या जागेवर चुंबकीय उत्तर नेमकी कुठे आहे, हे मोजण्याचं काम आमचं. आम्ही चुकलो तर तिथे तपासलेलं प्रत्येक विमान आमची चूक घेऊन उडतं. म्हणून मोजणाऱ्याच्या अंगावर लोखंड चालत नाही. किल्ल्या, फोन, माझ्या ओढणीची पिनसुद्धा लांब उभ्या केलेल्या जीपमध्ये. या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नसे.

त्या सकाळी जबलपूरला आकडे काही केल्या जुळेनात. यंत्रावर माझे सर्वांत अनुभवी सहकारी होते, निवृत्तीला टेकलेले. तिसऱ्या फेरीनंतर माझं लक्ष त्यांच्या बोटावरच्या पट्टीकडे गेलं. ती सोडायला लावली, तर आत काळ्या घोड्याच्या नालेची अंगठी. मी भडकलेच. जन्मभर दुसऱ्यांचे खिसे तपासणारा माणूस!

"पोरगी नेपियर टाउनच्या दवाखान्यात आहे, मॅडम," ते म्हणाले. "ती घरी येईपर्यंत काढू नका, असं पंडितजी बोलले. बायकोनं शपथ घातली. मी काय करू?"

"चुंबकाला तुमची शपथ कळत नाही. काढा."

साबण लावून, बोट सोलवटून त्यांनी ती काढली. "मीच ठेवून येतो जीपमध्ये. जरा फोन पण पाहून घेतो."

"आधी रीडिंग. ऊन चढलं की आकडे पुन्हा हलतील." अंगठी मी ड्रायव्हरकडे दिली.

"अच्छा, चलो," म्हणत त्यांनी यंत्राला डोळा लावला.

आकडे सुरेख जुळले. मला आनंद झाला, तो लपवत नाही. जीपपाशी आलो तेव्हा त्यांच्या फोनवर दवाखान्यातून सात कॉल येऊन गेले होते. मुलगी गेली होती.

तेराव्यानंतर मी त्यांच्या क्वार्टरवर गेले. त्यांची बायको समोर बसली. "घंटाभर बोलून राहिली होती हो, मॅडम. बाबांना फोन लावा, बाबांना फोन लावा. अन् यांनी तिकडे अंगठी काढून ठेवली. काहून काढली विचारलं, तर म्हणतात, टोचून राहिली होती."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खाली बघत बोटावरची खपली कुरतडत होते.

अंगठीने काही होत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण फोन मी पाहू दिला नव्हता. तेवढं एक वाक्य त्या बाईला सांगायला हवं होतं. मी चहा संपवला आणि निघाले.