शनिवारी येणारा बाप

निवाऱ्यातल्या पोरी स्वयंपाकीणबाईंना आत्या म्हणत. नवी आलेली एखादी चुकून 'मावशी' म्हणाली, की हातातला डाव पातेल्याच्या कडेवर आपटून त्या म्हणायच्या, "मावशी नाही, आत्या. नाहीतर हाकच मारू नकोस." बाईंचं खूळ आहे म्हणून सगळे हसून सोडून देत.

फसवून विकलेल्या आणि मग सोडवून आणलेल्या सतरा पोरी तिथे राहत होत्या. आत्या नऊ वर्षं त्यांना रांधून वाढत होत्या. हात सढळ, जीभ तिखट. पण मनातली एक गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. या पोरींचा त्यांना हेवा वाटायचा.

पोरगी आली की तिला कोरं अंथरूण मिळे. डॉक्टरीण तपासायला येई, वकीलबाई कागद घेऊन बसत. समुपदेशन करणाऱ्या ताई दार लोटून तास तास एकेकीचं ऐकत. त्यांची खोली स्वयंपाकघराला लागूनच होती. भाजी चिरताना आत्यांना भिंतीपलीकडून ऐकू येई, "यात तुझा काही दोष नाही." ते ऐकलं की सुरी जरा जोरातच चाले. "लाड, नुसते लाड!" आत्या पुटपुटत, आणि मग आपलीच लाज वाटून त्या पोरीला एक डाव जास्त वाढत.

खार आली आणि हा जळफळाट हाताबाहेर गेला. दाण्यासारखं कुरतडत खाते म्हणून पोरींनीच तिला ते नाव ठेवलं होतं. वय सतरा. लग्नाचं वचन देऊन एकाने तिला दुसऱ्या शहरात नेलं आणि तिथे विकलं. तिचा बाप घड्याळं दुरुस्त करायचा. दर शनिवारी दुकान बंद ठेवून, दोन बस बदलून तो यायचा आणि दहा ते चार बाहेरच्या बाकावर बसून राहायचा. खार खोलीतून हलायची नाही. जाताना तो आत्यांना विचारी, "जेवते ना नीट?"

"जेवते," एवढंच आत्या म्हणत. त्या माणसाकडे बघितलं की त्या भडकत. त्याचा नव्हे, त्याच्या लेकीचा राग येई. एका शनिवारी त्यांनी खारीच्या ताटात मुद्दाम तळाचं करपलेलं वाढलं. तिने निमूटपणे ते कुरतडलं.

सहाव्या शनिवारी मात्र आत्यांचा बांध फुटला. हात पदराला पुसत त्या तरातरा खारीच्या खोलीत गेल्या.

"ऊठ! बाप बाहेर ताटकळत बसलाय आणि तू भिंतीकडे तोंड करून पडलीस?"

"मी त्यांना तोंड कसं दाखवू?" खार म्हणाली. "मला कुणी पळवलं नव्हतं. मी माझ्या पायांनी गेले होते."

"मीही माझ्याच पायांनी गेले होते!" आत्यांच्या तोंडून निघून गेलं. "पंधराची होते. शेजारणीचा भाऊ काम देतो म्हणाला, आणि विकून मोकळा झाला. सात वर्षं होते मी तिथे. ते घर चालवणारीला आम्ही मावशी म्हणायचो. आजारी पडले तेव्हा तिने रस्त्यावर काढलं. घरी गेले, तर माझा बाप कडी न काढताच आतून म्हणाला, इथे तुझं कुणी राहत नाही. आणि तुझा बाप? सहा शनिवार! मला जळायला होतं गं तुझ्याकडे बघून. कळतंय का?"

खार उठून बसली. मग हळूच म्हणाली, "आत्या, तुम्ही चला ना माझ्याबरोबर."

दोघी बाहेर आल्या. बाप उभा राहिला. तिच्याकडे नीट बघून म्हणाला, "वाळलीस." खार रडू लागली. आत्या तशाच मागे फिरल्या. बरं वाटत होतं त्यांना, खोटं कशाला बोला. पण हेवा त्याहून मोठा होता.

दुसऱ्या दिवशी त्या ताईंच्या खोलीत गेल्या आणि पोरींच्या खुर्चीत बसल्या. "दोष नाही वगैरे म्हणू नका," त्या म्हणाल्या. "भिंतीतून ऐकून पाठ झालंय."

"मग काय म्हणू?" ताईंनी विचारलं.

"विचारा. मला कधी कुणी काही विचारलंच नाही."

ताईंनी विचारलं. त्या दिवशी जेवणाला दीड तास उशीर झाला.

चार महिन्यांनी खार घरी गेली. खटला अजून चालू आहे. तिने साक्ष दिलीय. आता महिन्यातून एकदा ताई शाळांमध्ये पालकांशी बोलायला जातात, तेव्हा घड्याळवाला आणि आत्या दोघंही बरोबर असतात. तो लेकीबद्दल भरभरून बोलतो. आत्यांना अजूनही ते फार वेळ ऐकवत नाही. त्या सरळ त्याच्या हातातून माइक काढून घेतात. "कामाला नेतो म्हणणाऱ्याचा पत्ता आधी स्वतः जाऊन बघा," त्या आयाबापांना खडसावतात. "आणि पोर परत आली, तर आधी आत घ्या. प्रश्न नंतर."

परवा सभा संपल्यावर एक बाई मागे रेंगाळली. सतरंजी गुंडाळून झाली तरी ती जागची हलेना. "माझी पुतणी," ती म्हणाली, "हॉटेलात कामाला म्हणून गेलीय. दोन महिने फोन उचलत नाही."

आत्यांनी ताईंना हाक मारली, दोन खुर्च्या समोरासमोर ओढल्या आणि बाईला म्हणाल्या, "बसा. कोण घेऊन गेलं, तिथपासून सांगा."