रॉड कुठून तुटला

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, गिऱ्हाईकच गोणीत घालून आणतं! जालना एमआयडीसीत आम्ही बोअरवेलच्या गाड्यांची इंजिनं उघडतो. दिवसदिवस फुल लोडवर चालणारी इंजिनं ती, त्यांतलं तुटकं लोखंड गोष्ट घेऊनच येतं. दुसऱ्यांच्या फजित्या मी हसत सांगतो. आज माझ्या सांगतो. माझ्या हातावर लोकांचा भरवसा बसावा, एवढीच हाव होती हो!

*

डिप्लोमा करून नुकताच लागलो होतो. तीस वर्षं याच कामात मुरलेल्या दगडूमामांना मी फटीग शिकवायला निघालो.

"मामा, पार्ट एकदम तुटत नाही. तोच ताण लाखो वेळा बसला की थकतो."

मामा बेअरिंग पुसत म्हणाले, "मंग माझ्या गुडघ्याला काय झालंय, हे मी डॉक्टरला कामून इचारत फिरून राह्यलो?"

सगळं शॉप हसलं.

*

मग बोल्ट. बोल्ट किती आवळायचा ते मोजणारा टॉर्क रेंच कपाटात, आणि मी पान्याला पाइप लावून आवळतोय! ताकद दाखवायची होती. कट्ट! बोल्टाचं डोकं हातात.

मामा म्हणाले, "अरे, त्याला आवळायचं हाय. त्याची जिरवायची न्हाई!"

*

त्याहून लाज वाटली ती खडूच्या वेळी. क्रँकशाफ्टला तडा आहे का बघायला आम्ही रॉकेल लावून पुसतो आणि वर खडूची पूड टाकतो. तडा असला तर आतलं रॉकेल झिरपून रेघ उमटते.

एकदा रेघ दिसली. मी डॉक्टरसारखा चेहरा करून म्हणालो, "नवा क्रँक टाकावा लागेल." गिऱ्हाईक मटकन खालीच बसलं.

मामांनी ती रेघ चिमटीत धरून उचलली. "क्रॅक न्हाई, फडक्याचा दोरा हाय!"

त्या माणसाला चहा मी पाजला, पण डोळे काही वर उचलले नाहीत.

*

आता शेवटचा. हसनाबादच्या रावसाहेबांच्या बोअरच्या गाडीचे, पिस्टनला क्रँकशी जोडणारे कनेक्टिंग रॉड मी चकचकीत पॉलिश केले. साधा ओरखडा राहिला तरी तडा तिथूनच सुरू होतो, हे मीच सगळ्यांना सांगायचो. काम इतकं देखणं झालं की राहवेना. कुणाचं काम हे कळायला नको? प्रत्येक रॉडच्या मधोमध पंच धरून हातोडीनं माझी अक्षरं ठोकली, एस. के.!

चार महिन्यांनी रावसाहेब आले. भर शिवारात एक रॉड तुटून, इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आला होता. पाणी लागेल म्हणून नारळ घेऊन बसलेलं त्या शेतकऱ्याचं घर तसंच राहिलं.

मामांनी तुकडे उजेडात धरले. तडा 'के'च्या पायापासून निघाला होता. मामांनी तो तुकडा माझ्या हातात ठेवला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ओठावर आलेलं खरं मी गिळलं. त्याची आजही लाज वाटते.

रावसाहेबांनीच माझ्या पाठीवर हात ठेवला.

"साहेब, तुमी कामून मान खाली घालून राह्यले? रॉडवर तुमचं नाव दिसलं, म्हनून तर दुसरीकडं न जाता सरळ हितं आलो. आता नव्या रॉडवरबी ठोका बरं. जरा खोल!"