केळवणाला आलेली संकष्टी

माझी गोळी जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी असते. तीन औषधं मिळून एकच गोळी, दुपारच्या जेवणानंतर पाण्याबरोबर गिळायची. एचआयव्हीची आहे. कित्येक वर्षं घेतोय आणि तपासणीत रक्तात विषाणू सापडत नाही. डॉक्टर म्हणतात, ठणठणीत आहात. मुलुंडला राहणाऱ्या माझ्या दादा-वहिनीचा मात्र डॉक्टरपेक्षा स्वतःच्या भीतीवर जास्त विश्वास. दादा रसायनशास्त्राचा पदवीधर आहे, हे सांगून ठेवतो. शिक्षणाने माणूस शहाणा होतो अशी कुणाची समजूत असेल तर ती जावी.

त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. लग्नाआधी मुलीला नातेवाईक केळवणाला बोलावतात, ताटाभोवती रांगोळी काढून गोडाधोडाचं वाढतात. स्वयंपाक मला जमतो. धाकधूक एकच होती, पुतणी माझ्या घरी जेवेल ना? कारण तिच्यावर माझा जीव आहे. कॉलेजात असताना तिचा रोज दुपारी मेसेज यायचा, "काका, गोळी घेतलीस ना?" त्या घरात गोळीचं नाव काढणारी ती एकटीच.

वहिनीला फोन केला. "ह्या रविवारी नको हं भाऊजी, संकष्टी आहे. पुढच्या रविवारी येतो." ठीक. पुढच्या रविवारी पार्ल्याच्या बाजारातून तोंडली, नारळ, चक्का आणला. मसालेभात केला, अळूची भाजी केली, श्रीखंड केलं. रांगोळीही काढली, वाकडीतिकडी.

तिघं आली. वहिनी टेकायच्या आधीच म्हणाली, "अहो भाऊजी, नेमकी आज संकष्टी निघाली बघा. आमचा तिघांचा उपास." आणि पर्समधून केळी आणि स्वतःची पाण्याची बाटली काढली.

संकष्टी महिन्यातून एकदा येते. वहिनीची आठवड्यात परत आली. गणपतीलाही एवढी घाई नसते. थाप मारायची तर निदान कॅलेंडर बघून मारावी, तेवढीही अक्कल नाही. आणि दादा, ज्याला आषाढी एकादशीलाही ऑम्लेट लागतं, तो केळं सोलत म्हणाला, "हल्ली मीपण धरतो रे."

"आणि तू गं?" मी पुतणीला विचारलं.

तिने आईकडे पाहिलं. "माझापण आहे ना, काका."

मला त्या तिघांची किळस आली. तिच्यासाठी मांडलेल्या ताटावर मीच बसलो, सगळं वाढून घेतलं आणि त्यांच्यासमोर बोटं चाटत जेवलो. मग लोणच्याची बरणी सरकवून गोळी घेतली, सगळ्यांना दिसेल अशी. वहिनीने केळ्याचं साल पर्समध्ये परत ठेवलं. माझ्या कचऱ्याच्या डब्याचाही तिला विटाळ.

निघताना पुतणी फोन राहिल्याचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेलो. पातेल्याशी उभी राहून ती हातानेच मसालेभात खात होती, गाल फुगवून, घाईघाईने.

"झकास झालाय, काका," ती कुजबुजली. "आईला सांगू नको हं."

दुसरा कुणी असता तर विरघळला असता. मीही विरघळलोच होतो, पण त्या 'आईला सांगू नको'ने पुन्हा दगड झालो. भात चोरून खायला माझं घर काय मटक्याचा अड्डा आहे?

"बाहेर ताट वाढतो," मी म्हणालो. "आईसमोर बसून खा. नाहीतर राहू दे."

तेवढ्यात वहिनीची हाक आली. पुतणीने घास गिळला. नळाखाली साबणाने हात धुतला, नखांतली हळद निघेपर्यंत. माझ्याकडे न बघता बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी उरलेला मसालेभात खात होतो. खूप दिवसांनी तिचा मेसेज आला, "काका, गोळी घेतलीस ना?"

मी लिहिलं, "घेतली. तुझा उपास सुटला का?"

तिने वाचलं. उत्तर अजून यायचंय.