दावं ज्याचं त्याच्याकडे

तो आर्णीकडच्या लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा, एवढंच मला कळलं. नाव विचारायचं धाडस झालं नाही. यवतमाळच्या वाद्यांच्या दुकानात तो जुनी इलेक्ट्रिक गिटार देऊन नवी घेत होता, आणि ती जुनी मी घेणार होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि गिटारला हात लावणाराही पहिलाच.

देण्याआधी त्याने तिच्या मानेवरून हात फिरवला आणि खांद्याचा विटका पट्टा सोडवून घेतला.

दुकानदार हसला. "पट्टा कायले काढून राह्यला? नवीसोबत नवा फुकट आहे ना!"

"शेठ, बैल विकला तरी दावं कोणी देते काय?" असं म्हणत त्याने तोच पट्टा नवीला बांधला.

मग बैल विकणारा खोडी सांगतो तसं तो मला सांगू लागला. "उन्हात हिची बारीक तार उतरते. रागावजो नको, खुंटी हळू पिळजो."

"पण मले वाजवताच येत नाही, भाऊ," मी कसंबसं म्हणालो.

"तिले येते ना. जुना बैलच नव्या गड्याले वखर हाकाले शिकवते. दावं मात्र आपल्या घरचं बांधजो."

आमच्या गावापर्यंत, बोरी अरबपर्यंत, एसटीत मी ती दोन्ही हातांनी छातीशी धरून बसलो. बोटं तारांवर होती, पण दाबायची हिंमत झाली नाही. घरातलं कोणी मोठं माणूस मांडीवर घेऊन बसल्यासारखं वाटत होतं.