माझ्या नावावरचा सहावा नंबर

आमच्या शाळेत पोलीस खात्यातल्या एक बाई बोलायला आल्या होत्या. मी सांगलीतल्या एका मुलींच्या शाळेच्या ऑफिसात लेखनिक आहे. व्याख्यान होतं दहावीच्या मुलींसाठी, पण मागच्या खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून आम्हा ऑफिसवाल्यांनाही नेऊन बसवलं होतं. फोनवरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बरंच सांगून झाल्यावर त्या बाईंनी विचारलं, "तुमच्या नावावर किती सिम कार्डं आहेत, ठाऊक आहे का कुणाला?" मुली हसल्या. "एकच की," असं मी शेजारच्या शिपाईबाईंच्या कानात म्हणाले.

सरकारची एक वेबसाइट आहे. तिच्यावर आपला नंबर टाकायचा, मग आलेला ओटीपी टाकायचा, की आपल्या ओळखपत्रावर घेतलेले सगळे नंबर समोर येतात. मधले आकडे फुल्यांनी झाकलेले असतात, शेवटचे तेवढे दिसतात. नंबर नको असेल तर 'गरज नाही' आणि ओळखीचाच नसेल तर 'माझा नंबर नाही' असं कळवायचं.

मधल्या सुट्टीत डबा खाता खाता आम्ही दोघींनी बघितलं. शिपाईबाईंच्या नावावर एक नंबर होता. माझ्या नावावर सहा.

"ताई, सिमचं दुकान काढलंय व्हय तुमी?" त्या म्हणाल्या, आणि तास सुरू व्हायच्या आत ही बातमी मुख्याध्यापकांपर्यंत गेली.

पहिला नंबर माझा. दुसरा नवऱ्याचा, त्याच्या कागदांवर आडनाव दोन तऱ्हांनी लिहिलंय, म्हणून तो माझ्या नावावर. तिसरा आईचा. चौथा एका इंटरनेटच्या डबीचा, ती आता कपाटात कुठंतरी असेल. उरलेले दोन काही केल्या ओळखू येईनात.

सगळे नंबर माझ्याच नावावर कसे, तर आमच्या घरात मशीनवर उमटणारा अंगठा माझाच. माझं माहेर कऱ्हाडजवळ कृष्णेकाठी. आबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आल्या आल्या उसात उतरले. आईचा जन्मच शेतात गेला. दोघांच्या अंगठ्यांवरच्या रेषा खुरप्या-फावड्यांनी कधीच पुसून टाकल्यात. मशीनवर अंगठा ठेवला की लाल दिवा लागायचा; आबांचा नंबर तेवढा फौजेतल्या दिवसांतला, त्यांच्याच नावावर. मी मात्र आयुष्यभर पेन धरलेली. त्यामुळे सुट्टीला गेले की "आता आलीयास तर चल जरा अंगठा द्यायला" हे ठरलेलं.

मी आबांना फोन लावला. "आबा, माझ्या नावावर अजून दोन नंबर निघालेत. त्यातला एक बंदच करून टाकते आता."

"शेवटचं आकडं सांग."

मी सांगितले.

"खबरदार!" आबा एवढ्या जोरात ओरडले की मी फोन कानापासून लांब धरला. "आगं, ती आपली मोटार हाय!"

विहिरीवरच्या मोटारीला एक डबा बसवलेला आहे आणि त्यात सिम असतं. घरात बसून आबा त्या नंबरला फोन लावतात आणि ओढ्यापलीकडे मोटार सुरू होते. ते सिमही मीच अंगठा देऊन घेतलेलं. "ती लाईन तोडलीस तर मला चिखल तुडवत जावं लागंल रोज," आबा म्हणाले. मोटारीचा प्रश्न मिटला.

राहिला सहावा. शेवटी एकाहत्तर. आबांना आठवेना. आई शिराळ्याला मावशीकडे नागपंचमीला गेली होती, तिला फोनवर विचारून घोळ नको, असं आम्हीच ठरवलं. नवरा म्हणाला, "माझा नंबर नाही म्हणून दाब आणि मोकळी हो. कोण कुठला चोर वापरत असेल."

चोर म्हटल्यावर मला एकदम आठवलं. बऱ्याच वर्षांपूर्वी, आईला सिम घ्यायला म्हणून आम्ही बाजाराच्या दिवशी गेलो होतो. एसटी स्टँडच्या बाहेर मोठी छत्री लावून एक माणूस सिम विकत बसला होता. माझा अंगठा त्यानं दोनदा घेतला होता. "पहिल्यांदा नीट आला नाही ताई, परत ठेवा," असं म्हणाला होता. व्याख्यानात त्या पोलीसबाईंनी हेच सांगितलं होतं: एका सिमसाठी दोनदा अंगठा मागितला तर सावध व्हा. माझ्या नावाच्या सिमवरून कुणी कुणाला काय काय फोन केले असतील, ह्या विचारानं त्या दिवशी मी हजेरीपटाच्या बेरजा तीनदा चुकवल्या.

तरी मी बटण दाबलं नाही, कारण आबांनी बजावलं होतं. "समोर कोन हाय ते बघितल्याबिगर फायर न्हाई करायचा. रविवारी ये. आईबी परत आली आसंल."

रविवारी सकाळच्या गाडीनं गेले. आबांनी ओसरीवर जणू सुनावणीच लावली होती: चष्मा, पेन आणि कोऱ्या पाठीचा एक जुना कागद. आई चुलीवर चहा ठेवून आत-बाहेर करत होती. मी सगळी हकीकत सांगितली. छत्रीवाला माणूस, दोनदा दिलेला अंगठा, त्यानं परस्पर काढलेलं सिम. आबा मान हलवत होते. "चार सौ बीस मानूस," ते म्हणाले आणि कागदावर त्यांनी तसं लिहिलंही.

आई चहा घेऊन आली. "शेवटी काय म्हनालीस? एकाहत्तर?"

"हो."

तिनं कप खाली ठेवले आणि पदरानं हात पुसले. "त्यो मानूस चोर न्हाई. उगं त्याला नावं ठेवू नगा. त्यो नंबर मेंढीवालीचा हाय."

आबांचं पेन तसंच हवेत राहिलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या वर्षी आमच्या खालच्या रानात जतकडच्या मेंढ्या बसवल्या होत्या. दरसाल दिवाळीनंतर तिकडचे धनगर कळप घेऊन कृष्णाकाठी उतरतात, रात्री कळप रानात बसतो आणि रानाला खत मिळतं. त्या कळपाबरोबरच्या जोडप्यातली बाई आठ महिन्यांची पोटुशी होती. नवरा दिवसभर कळपामागं लांब जायचा. आईनं घरातला एक जुना बटणांचा फोन तिला देऊ केला, पण सिम कुठलं? बाजाराच्या दिवशी ती आईच्या आधीच त्या छत्रीखाली जाऊन बसली होती. दहा वेळा अंगठा ठेवून झाला, दहा वेळा लाल दिवा. आम्ही पोचलो तेव्हा ती बाजूला उन्हात उभी होती. मला तिची आठवणच नव्हती. मी त्या दिवशी एसटी चुकेल म्हणून घड्याळाकडे बघत होते.

"मी त्या मानसाला हळूच सांगितलं," आई म्हणाली, "लेकीचा अंगठा दोनदा घ्या, एक माझं आन् एक तिचं."

"आणि मला?"

"तुला सांगितलं आसतं तर तू न्हाई म्हनली आसतीस. ह्ये कागद, त्यो नियम." ती जराही शरमली नव्हती. "पोरगी उन्हात हुबी हुती गं. आठवा म्हैना."

मला राग आला होता, खरंच आला होता. माझ्या आईनं मला फसवून माझ्या नावावर परक्या बाईला सिम काढून दिलं, आणि इतकी वर्षं अवाक्षर काढलं नाही! मी तोंड उघडणार, तेवढ्यात आबा हसायला लागले. आधी नुसते खांदे हलत होते, मग चष्मा काढून डोळे पुसायला लागले. "आमच्या कंपनीत जाऊ दे," ते म्हणाले, "आख्ख्या बटालियनीत कुनाला आसं जमलं न्हवतं." मग माझंही हसू आवरेना.

"पन त्या फोनाचा उपेग झाला का न्हाई इचारा की," आई म्हणाली. तीन आठवड्यांनी दुपारी त्याच नंबरावरून आईला फोन आला होता. ती बाई रानात एकटीच होती आणि कळा सुरू झाल्या होत्या. आईनं शेजारची जीप पाठवली, स्वतः बरोबर गेली. मुलगी झाली. बाळंतपणाची गोष्ट आबांना माहीत होती, त्यांनी बाळंतिणीसाठी गूळही पाठवला होता. पण फोन कुठून आला, कुणाच्या नावावरच्या सिमवरून, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून आई आणि ती बाई दर आठ-पंधरा दिवसांनी बोलत होत्या.

"लाव फोन," मी म्हटलं.

आईनं लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडून वाऱ्याचा आवाज आणि एक खणखणीत बाई. "आत्ती! आज कसा काय सकाळी सकाळी?"

आईनं सांगितलं की लेक आलीय, तिला बोलायचंय. मी नमस्कार केला आणि म्हणाले की हा नंबर माझ्या नावावर आहे असं मला आत्ताच कळलं.

मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "ताई, बंद करताय व्हय? पोरीच्या शाळंत ह्योच नंबर दिलाय. रेशनला ह्योच. बँकेला ह्योच. मेंढ्याचा डाक्टर ह्याच नंबरावर फोन करतूय. मी कवा वंगाळ काम न्हाई केलं ह्याच्यावरनं."

मला इतकं लाजल्यासारखं झालं. घटकाभरापूर्वीपर्यंत मी हिला चोर म्हणत होते. "बंद नाही करत हो," मी म्हटलं. "तुमच्या नावावर करू या. तुमचा नंबर तुमच्या नावावर नको का?"

"मग चालतंय की!" आवाज परत पहिल्यासारखा झाला.

पुढच्या आठवड्यात सासूचे डोळे तपासायला ती मिरजेला येणार होती. मिरज मला सांगलीहून अगदी जवळ. मी अर्धी रजा टाकली. आई कऱ्हाडहून एकटी गाडीत बसून आली, नको म्हटलं तरी ऐकेना. सासूला डोळ्यात औषध घालून दवाखान्यात बसवलं होतं, तेवढ्या वेळात आम्ही तिघी सिम कंपनीच्या दुकानात गेलो.

मी तिला पहिल्यांदा नीट बघत होते. उंच, उन्हानं रापलेली, कपाळावर मोठं कुंकू, पायात भक्कम वहाणा. आईला बघून ती वाकली, आणि आईनं तिच्या पाठीत धपाटा घातला: "किती वाळलीस गं!" दोघी दुकानाच्या दारातच बोलत उभ्या राहिल्या. मागच्या गिऱ्हाइकाला आत यायला वाट नव्हती.

काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म दिला. मी सही केली, नंबर सोडत असल्याचं लिहून दिलं, माझा अंगठा दिला. हिरवा दिवा. मग तिची पाळी आली.

लाल.

तिनं हात साबणानं धुतले. लाल. काउंटरवरच्या बाईंनी थोडं खोबरेल तेल दिलं, लावून पुसायला सांगितलं. लाल. तिचा चेहरा पडायला लागला. "मी म्हनत हुते ताई, आमचं नशीब त्या मशीनला दिसत न्हाई."

"अंगठाच कशाला पाहिजे? बाकीची बोटं ठेवून बघा," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. तर्जनी ठेवली. लाल. मधलं बोट, लाल. अनामिका, लाल. एव्हाना रांगेतले दोघेतिघे पुढं सरकून बघायला लागले होते. एक म्हातारे म्हणाले, "डावा हात घाला, डावा." डाव्या हाताच्याही चार बोटांना लालच. राहिली करंगळी. तिनं ती मशीनवर अशी ठेवली की जणू तापल्या तव्याला हात लावतेय.

हिरवा.

आख्ख्या दुकानात एकदम आवाज झाला. म्हाताऱ्यांनी टाळी वाजवली. आई म्हणाली, "करंगळीला काम नसतंय ना, म्हनून नवी कोरी राहिलीया!" काउंटरवरच्या बाई हसत हसत म्हणाल्या, "झालं. उद्यापर्यंत नाव बदलेल. एक-दोन दिवस मेसेज यायचे नाहीत, घाबरू नका."

बाहेर आलो तर तिला काय करू नि काय नको असं झालेलं. आम्ही कोपऱ्यावरच्या गाड्यावर भजी घेतली. तिनं मुलीचा फोटो दाखवला. तिसरीत आहे, आजीपाशी राहून शिकते, पाढे एकोणतीसपर्यंत पाठ. "आत्तीनं गाडी नसती धाडली तर..." ती म्हणत होती, तोवर आईनं तिच्या हातावर आणखी एक भजं ठेवलं.

मग तिनं कमरेची पिशवी उघडली, फोन काढला आणि नवऱ्याला लावला. गाड्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती बोलत होती.

"आवं, ऐकताय न्हवं? उद्यापासनं ह्यो नंबर माझ्या नावावर हाय. व्हय, माझ्या. तुमच्या न्हाई. आता फोन पायजे झाला तर मला इचारून घ्यायचा, कळलं का?"

तिकडून तो काय म्हणाला ते आम्हाला ऐकू आलं नाही. पण ती इतकी हसत सुटली की आईनं तिच्या हातातलं भजं आधी काढून घेतलं.